लाल चिंधीचा कॅन

भास्करदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात गिरणीसमोर दळणाचा डबा घेऊन रांगेत उभा होतो. फोनवर सुमनवहिनी होत्या आणि गिरणीच्या धडधडीत त्यांचा शब्द धड ऐकू येत नव्हता. 'गेले' एवढंच कळलं, आणि त्या एका शब्दाला दुसरा अर्थ असेल अशी आशा धरत मी रस्त्यापर्यंत आलो. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा माझा एक कान गिरणीकडे होता. पट्टा मधूनच घसरत होता, आवाजात खंड पडत होता. कुठलंही यंत्र चालू असलं की त्याची नाडी ऐकायची ही खोड मला त्या माणसाने लावली, आणि त्याच्या जाण्याची बातमीही मला त्या खोडीसकट ऐकावी लागली.

त्याला पाच आठवडे झाले. दहाव्याला घनसावंगी तालुक्यातल्या त्याच्या गावी, गोदाकाठी, बरीच माणसं जमली होती. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. माणूस भला, बोलणंही मनापासून. दादाच्या हाताची तारीफ केली, मग जरा हसून म्हणाले, "कारागीर बिलकुल अव्वल होता. एकदाच लोभ नडला, वेगापायी भरल्या शर्यतीत इंजिन जाळून बसला." लोकही हसले, मरणाच्या घरी जेवढं हसता येतं तेवढं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. खाली मान घालून मी माझ्या पायाचे अंगठे बघत राहिलो. ते इंजिन दादाने जाळलं नव्हतं. कोणी जाळलं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे, पण मास्तर माणूस असल्यामुळे मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची ओळख स्कूटरमुळे झाली. मी तेव्हा बदनापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो, रोज जालन्याहून रेल्वेने जायचो, आणि स्टेशनापर्यंत नेणारी माझी जुनी स्कूटर आठवड्यातून दोनदा रुसायची. दादाचं वर्कशॉप जुन्या जालन्यातल्या एका बोळात होतं. त्याने स्कूटर उघडली, प्लग काढला आणि माझ्यासमोर धरून विचारलं की रंग कसला दिसतो? काळा, मी म्हणालो. "चहाच्या रंगाचा पाह्यजे, गुरुजी. काळा म्हंजे पेट्रोल जास्ती खाऊन राह्यली. पांढरा झाला तर उपाशी जळून राह्यली." बारा वर्षं मुलांना ज्वलन शिकवणाऱ्या माणसाला ज्वलन म्हणजे काय ते त्या दिवशी दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मी काम नसतानाही तिथे जाऊन बसू लागलो.

जालन्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत आणि भट्ट्यांना भंगार लागतं. त्या भंगारातून काय काय येतं याला हिशेब नाही. एका ट्रकमधून, मोडक्या पत्र्यांच्या खाली, बोटीच्या मागे लावायचं एक इंजिन आलं. पंचवीस हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, खाऱ्या पाण्याने खाल्लेलं. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर. दुसरा कुणी असता तर ते भट्टीत गेलं असतं. दादाने ते खांद्यावर घेऊन वर्कशॉपमध्ये आणलं, आणि मी हसलो तर म्हणाला की समुद्र नसला तरी गोदावरी आहे ना. त्याच्या गावाजवळ बंधारा झाल्यापासून पाणी मैलोगणती साठून राहत होतं. होतंही खरं.

मग बोट बांधली. नदीवरच्या होड्या सगळ्या सपाट तळाच्या. पाणी शांत असलं की त्या छान पळतात, पण लाट आली की तळ आपटतो आणि बसणाऱ्याचे दात वाजतात. दादाला व्ही आकाराचा तळ हवा होता, मध्ये कणा आणि दोन्ही बाजूंनी उतार, नांगराच्या फाळासारखा पाणी चिरत जाणारा. दीड वर्ष आम्ही प्लायवूड वाकवत होतो. पहिली बोट पाण्यात टाकली ती एका कुशीवर झोपली. दुसऱ्या बोटीने मान ताठ ठेवली. त्यानंतर रविवारचा आमचा धर्म ठरला. सकाळच्या बसने घनसावंगी, तिथून जीपने गाव, आणि मग दिवसभर इंजिनाशी झटापट. इंजिन मागच्या फळीवर बोटभर वर घे, बोटभर खाली घे. इंजिनाचा कोन ठरवणारी खीळ एक भोक पुढे घातली की बोटीचं नाक खाली, एक भोक मागे घातली की नाक वर, आणि दोन भोकं मागे घातली की बोट बुजलेल्या खोंडासारख्या उड्या मारायची. मी नाकावर वजन म्हणून बसायचो. शिक्षकी पेशात माझ्या वजनाचा एवढा अचूक उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही.

दादाची एक रीत मात्र मला फार दिवस कळली नाही. बोट पूर्ण वेगात असतानाच तो इंजिन झटकन बंद करायचा आणि भर पाण्यात प्लग काढून बघायचा. हळूहळू वेग कमी करत काठाला का नाही आणायची? तर म्हणे, हळू केली की प्लगाचा रंग बदलतो, इंजिनाला खोटं बोलायला वेळ मिळतो. बघितलेला प्रत्येक प्लग तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. कागदावर पेन्सिलीने वार, हवा आणि खिळीचं भोक लिहिलेलं असायचं. माणसं वह्या ठेवतात, ह्याने प्लग ठेवले.

माझ्याकडे वजनाखेरीज आणखी एक काम होतं. असल्या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते, जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. ते मोजून मिसळायचं काम माझं, कारण मी विज्ञानाचा मास्तर. दादाने रीत ठरवली होती. कॅनमध्ये तेल ओतायचं, हलवायचं, आणि मग कॅनच्या दांडीला लाल चिंधी बांधायची. चिंधी असली तर कॅन टाकीत रिकामा करायला हरकत नाही. चिंधी नसली तर कॅनला हात लावायचा नाही. सुमनवहिनींनी जुन्या ब्लाऊजच्या काठाची ती चिंधी फाडून दिली होती.

दिवाळीनंतर बंधाऱ्याचं पाणी भरलेलं असतं. तेव्हा पलीकडच्या काठावरचे गफूरभाई, जे मासेमारीसाठी दोन होड्या बाळगून होते, त्यांनी दादाला आव्हान दिलं. त्यांची बोट सपाट, हलकी, इंजिन जोरदार. दोन वर्षं गंमत म्हणून चाललेल्या या पळापळीची बातमी पसरली आणि तिसऱ्या वर्षी चार बोटी, पाण्यात तरंगणारे दोन ड्रम, ड्रमांना तीन वळसे, मांडव, पाहुणे आणि दोन्ही काठांवर जत्रेएवढी माणसं असा थाट झाला. त्याला आता सोळा वर्षं होतील. पाहुण्यांमध्ये एक साहेब होते. पुरात वापरायच्या सरकारी बोटींची इंजिनं तेव्हा दादाकडे दुरुस्तीला यायची, ती त्यांच्या शब्दावर. दादाला त्या कामाचा फार अभिमान होता.

मी कॅनमध्ये पेट्रोल घेतलं. तेल एका फुलपात्रात मोजून, धूळ पडू नये म्हणून पोत्याखाली झाकून ठेवलं. तेवढ्यात मांडवातून हाक आली, "गुरुजी, माईकवर या, पाहुणे आले." आता मास्तराला माईकवर बोलावणं म्हणजे मांजराला दुधावर बोलावणं. दोन मिनिटांत येऊन तेल ओतू असं मनाशी ठरवलं, आणि तोवर कॅनला कुणी हात लावू नये म्हणून... हे लिहिताना आजही कान गरम होतात... म्हणून मी त्यावर चिंधी बांधली. माझ्या डोक्यात चिंधी म्हणजे 'हा माझा कॅन आहे'. दादाच्या रीतीत चिंधी म्हणजे 'तेल टाकलं आहे'. इतक्या वर्षांत ती हजार वेळा बांधली होती आणि त्या दिवशी तिचा अर्थ मी आपल्या सोयीने फिरवला.

माईकवर मी दोन नाही, पंधरा मिनिटं बोललो. गोदावरीबद्दल बोललो, विज्ञानाबद्दल बोललो. माझा आवाज पलीकडच्या काठावर आदळून परत येत होता आणि तो मला फार आवडत होता. मग बोटी पाण्यात ओळीने लागलेल्या दिसल्या आणि मला तेल आठवलं. धावत जाऊन पाहिलं तर कॅन रिकामा, चिंधी बघून दादाने टाकीत ओतलेला. पोत्याखाली फुलपात्र जसंच्या तसं भरलेलं. मी मांडवात परत आलो. माईक चालू होता. 'दादा, थांब' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. शेजारी साहेब, समोर एवढी माणसं, आणि पंधरा मिनिटांपूर्वी विज्ञानावर बोललेला मी. टाकीत मागचं थोडं मिश्रण असेल, तीन वळसे निघतील, असं मी स्वतःला सांगितलं. निशाण पडलं.

पहिल्या वळशाला दादा दुसरा होता. दुसऱ्या वळशाला गफूरभाईंच्या लाटांवर सपाट होड्या आपटू लागल्या, दादाची बोट त्या लाटा चिरत पुढे निघाली, आणि दोन्ही काठ ओरडू लागले. ती जिंकणार होती. मग तो आवाज आला. धातू धातूला धरतो तेव्हाचा, एक कर्कश्श ओढ आणि एकदम शांतता. बोटीने नाक पाण्यात खुपसलं आणि दादा पुढे फेकला गेला. गफूरभाईंनी शर्यत सोडली, बोट वळवली आणि त्याला पाण्यातून ओढून घेतलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या. जीव वाचला, यात माझं काही कर्तृत्व नाही.

काठावर त्याला बसवलं. अंगावरून पाणी निथळत होतं, ओठ फुटला होता. त्याने आधी टाकीचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि ते अंगठ्यावर घासलं. तेल मिसळलेलं पेट्रोल उडून गेलं तरी बोटावर बुळबुळ राहते. नुसतं पेट्रोल उडून जातं, बोट कोरडं. त्याने ते बोट टॉवेलला पुसलं आणि पाण्याकडे बघत राहिला. पेट्रोल किती उरलंय ते बघितलं असेल, असं मी सोळा वर्षं स्वतःला समजावत आलो. लोक जमले, साहेबही आले, काय झालं म्हणून विचारू लागले. दादा म्हणाला, "जेट बारीक केल्ता मी. जास्ती पळावी म्हणून. लोभ झाला." जेट म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारं बारीक भोक, ते आणखी लहान केलं की इंजिन जास्त पळतं पण उपाशी जळतं. मी चार हातांवर उभा होतो.

सरकारी बोटींची इंजिनं त्यानंतर त्याच्याकडे आली नाहीत. लोभी मिस्त्रीच्या हाती पुरातली बोट कोण देईल? त्याने ते इंजिन वर्षभर खपून पुन्हा उभं केलं, पण शर्यतीत परत उतरला नाही. आम्ही मात्र रविवारी जात राहिलो. आणि माझ्याकडचं तेलाचं काम त्याने काढून घेतलं नाही. चिंधीही बदलली नाही. फक्त एक नवी सवय लागली त्याला. इंजिन सुरू करायची दोरी ओढायच्या आधी, हात दोरीवर ठेवून, माझ्याकडे न बघता विचारायचा, "गुरुजी, तेल टाकलं?" मी म्हणायचो, "टाकलं." मगच दोरी ओढायचा. वय झालं की माणूस खात्री करत बसतो, असं मी सुमनवहिनींना हसत सांगायचो. आपण किती मूर्ख असू शकतो याला मर्यादा नसावी.

जाण्याआधी पंधरा दिवस त्याला भेटायला गेलो तो सांगायचंच ठरवून गेलो होतो. फुप्फुसं थकली होती, एकेक वाक्य मोजून बोलायचा. मी सुरुवात केली, "दादा, त्या शर्यतीच्या दिवशी..." तर म्हणाला, "त्या दिवशी गफूरच्या बोटीचा आवाज बराबर लागल्ता. एकदम सुरात." पुढे गफूरभाईंच्या बोटीच्या पंख्याबद्दल बोलत राहिला. मी बोलू नये म्हणून तो बोलत होता हे मला कळलं, आणि मला हायसं वाटलं हेही कबूल करतो. निघताना त्याने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "तेल टाकलं?" मी सवयीने म्हणालो, "टाकलं." ते आमचं शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावून घेतलं. इंजिन गफूरभाईंना द्यावं असं दादा सांगून गेला होता, आणि देण्याआधी एकदा चालवून बघायचं होतं. अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठाला ते लावलं. गफूरभाई पलीकडून आले होते, दाढी पार पांढरी. वहिनींनी प्लगांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, तुम्हालाच कळंल म्हणाल्या. त्या दिवसाचा प्लग सापडायला वेळ लागला नाही. कागदावर नेहमीसारखं वार, हवा, खिळीचं भोक. पुढे काही नाही. प्लगाच्या टोकाला वितळलेल्या पिस्टनचे बारीक मणी चिकटलेले आणि बाकी टोक खडखडीत कोरडं, तेलाचा मागमूस नाही. ज्या माणसाने मला प्लग वाचायला शिकवला त्याला हा वाचता आला नसेल, असं मी आणखी किती वर्षं म्हणणार होतो?

तिथेच सांगितलं. चिंधी, फुलपात्र, माईक, सगळं. गफूरभाई खाली बघत दाढीवरून हात फिरवत राहिले. वहिनींनी रडून घेतलं असतं, ओरडल्या असत्या, तरी मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलून त्याचं झाकण लावलं.

"सोळा वर्षं लोक त्यांना लोभी म्हणून राह्यले," त्या म्हणाल्या. "परवा दहाव्यालाबी म्हणाले. तवा तुम्ही तिथंच बसल्ते ना, गुरुजी?"

मी हातातला प्लग पुन्हा कागदात गुंडाळू लागलो.

"मला सांगून काय फायदा? मी कवाच लोभी म्हणले न्हाई त्यांना. समद्यांनी ऐकलंय, तर समद्यांना दिसंल असं लिहा."

लिहिलं आहे. भास्करदादाने इंजिन जाळलं नव्हतं. त्याचा जेट त्या दिवशी बरोबर होता, बोट जिंकणार होती, आणि तेल टाकायला मी विसरलो होतो. आठवलं तेव्हाही गप्प बसलो.

त्या दिवशी अंगणात मग मी कॅन घेतला. तेल मोजलं, ओतलं, हलवलं, चिंधी बांधली. इतक्या धुण्यांनी तिचा रंग उडून विटेसारखा झाला आहे. कॅन टाकीत रिकामा केला. दोरी ओढायला गफूरभाई पुढे होत होते, तर वहिनींनी त्यांना थांबवलं आणि स्वतः इंजिनाजवळ येऊन दोरीवर हात ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तेल टाकलं?"

'टाकलं' ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, टाकीचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर घासलं. पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबलो. बोटावर बुळबुळ राहिली होती. मी बोट वहिनींच्या पुढे धरलं. त्यांनी आपलं बोट त्यावर फिरवून पाहिलं, आणि दोरी ओढली.