खिशातली डबी आणि गावभरचे ठिपके

आमच्या सर्व्हेत माहिती किती जमली ते सर जाणोत, किस्से मात्र पोत्यानं जमलेत! कोल्हापूरची माणसं दिवसभर कुठं आणि कशानं जातात, हे बघायचं काम आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाकडं आलं. काड्यापेटीएवढी जीपीएसची डबी द्यायची, आठवडाभर खिशात ठेवायला सांगायची आणि मग फिरण्याचा नकाशा कॉम्प्युटरवर बघायचा. सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं.

*

पहिली डबी सरांनी स्वतः वापरली. आम्हाला बसवून पडद्यावर नकाशा लावला. "हा बघा, काल मी गारगोटीला रस्त्यांची पाहणी करायला गेलो." ठिपका ऐटीत निघाला आणि वाटेतल्या मटणाच्या खानावळीपाशी थांबला, तो अडीच तास! गारगोटी राहिली बाजूलाच. सरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि उभ्या उभ्या नियम काढला, "कुणाचा नकाशा कुणालाही दाखवायचा नाही!"

*

गडमुडशिंगीच्या एका मावशींचा ठिपका आठवडाभर जागचा हलला नाही. आजारी आहेत की काय, म्हणून मी घाबरून त्यांच्या घरी गेलो. मावशी बाजाराची पिशवी घेऊन समोरून येताना दिसल्या!

"डबी व्हय? कपाटात कुलूप लावून ठेवलीया की! एवढी महागाची वस्तू घिऊन कोण हिंडतंय?"

*

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारे एक तात्या आहेत. त्यांचा ठिपका रोज दुपारी दोन तास पंचगंगेत! मी फोन लावला.

"पावणं, डबी म्हशीच्या गळ्यात हाय."

"अहो तात्या, आम्हाला माणसाचं फिरणं बघायचंय!"

"मी कुठं फिरतोय? ती जाती तिकडं मी जातोय!"

*

एका क्लार्कच्या बायकोचा फोन आला. म्हटलं, आता भांडण. तर बाई भलत्याच खूश! "डबी आल्यापास्नं हे सहाच्या ठोक्याला घरात हाईत. आणखी म्हैनाभर ऱ्हाऊ दे की!"

आमची माहिती गेली कामातून, पण त्यांचा संसार सुधारला.

*

आता गुरुजी. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. डबी त्यांच्याकडं एक आणि त्यांच्या बायकोकडं, म्हणजे काकूंकडं, एक. गुरुजींच्या हृदयाचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलंय, आणि काकूंनी दम दिलाय, "पुन्हा मिसळ खाल्लेली कळली, तर स्कूटर विकून टाकीन!" म्हणून गुरुजी रोज सकाळी स्कूटरवरून बागेत फिरायला जातात. ठिपका मात्र बाग ओलांडून मिसळीच्या दुकानात पाऊण तास बसतो.

आठवडा संपला तशी गुरुजींनी मला ऑफिसच्या जिन्यात गाठलं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं आमचा वर्ग गप्प व्हायचा, ते गुरुजी हात जोडायला लागले! "तुझ्या काकूला दाखवू नकोस रे. स्कूटर तेवढी माझ्या मर्जीची राहिलीय." मला खरंच वाईट वाटलं. मी शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी काकू ऑफिसात हजर.

"यांचा नकाशा दाखव."

मी घाईनं कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. "काकू, नियम आहे. कुणाचा नकाशा कुणालाही दाखवत नाही."

"नवरा-बायको असले तरी?"

"तरीसुद्धा."

"म्हणजे माझाही यांना दाखवणार नाहीस?"

"अजिबात नाही."

काकू खुर्चीत टेकल्या. पर्समधून पेन काढून माझ्यापुढं ठेवलं.

"मग तेवढं लिहून दे की!"