साहेबांना विचारून येतो

हिंदी मुलखातल्या जानकीपुरमच्या आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात तो डॉक्टरांचा असिस्टंट होता. सगळे त्याला भैयाच म्हणायचे. स्टेथोस्कोप तो आधी तळहातावर घासून गरम करायचा, म्हणून माझी लेक त्याच्यापुढे कधी रडली नाही. औषध देण्याआधी मात्र कॉलर नीट करून, "साहब से पूछ लूँ, दीदी," म्हणत तो पडद्याआड जायचा. आतून त्याचं अदबीचं बोलणं ऐकू यायचं. मला बरं वाटायचं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. पाटीवरची डिग्री वाचल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढत नाही.

परवा लेक तापाने फणफणली होती. इंजेक्शनचं विचारायला तो आत गेला. तिला एका औषधाने पूर्वी अंगभर गांधी उठल्या होत्या, ते सांगायला मी मागोमाग पडदा सारला.

आत रिकामी खुर्ची होती. तिच्या पाठीवर पांढरा कोट टांगलेला, आणि त्या कोटासमोर उभा राहून हा लेकीचा ताप सांगत होता.

माझी हिंदीच पळाली. "डॉक्टर कुठायत?"

"साहब तो कानपुर बैठते हैं," तो शांतपणे म्हणाला. "कानून है दीदी, डॉक्टर से पूछे बिना सुई नहीं लगानी. इसलिए हर बार पूछता हूँ."

"और वो क्या कहते हैं?"

"आज तक मना नहीं किया."

पाटीवरची डिग्री खरी असेलही. त्या डिग्रीचा माणूस मी एकदाही पाहिला नव्हता. लेकीला उचलून मी बाहेर धावले. मागे तो पुढच्या पेशंटसाठी स्टेथोस्कोप तळहातावर घासत होता.