कुरिहारामास्तरांचा दिवा

"चित्राला तोंड असतं, आवाज माझा असतो." कुरिहारामास्तर रोज हेच म्हणायचे. खेळाआधी कच्चं अंडं गिळायचे, गळ्याचा लोकरी पट्टा सोडायचे आणि म्हणायचे.

जपानातल्या मोगामी नदीकाठच्या आमच्या गावात एकच चित्रपटगृह. दाराशी बसून लोकांच्या लाकडी चपला सांभाळणं हे माझं काम. पडदा मुका होता तेव्हा. पडद्याच्या बाजूला मास्तरांचं मेज आणि त्यावर झाकणाचा दिवा. चित्रातले ओठ हलले की मास्तर बोलत. सासूचं खेकसणं, लढवय्याचा गिळलेला हुंदका, सगळं त्या एका गळ्यातून यायचं. लोक नटाचं नाव विचारत नसत. चपला देताना विचारत, "मास्तर आहेत ना आज?"

लोणची विकणारी इवाआजी पुढच्या चटईवर ठरलेली. तिची पोर दूरच्या सूतगिरणीत गेली आणि तिथंच खोकून खोकून मेली. मास्तरांनी चित्रातल्या एखाद्या पोरीचा आवाज काढला की आजी बाहीनं डोळे पुसायची आणि जाताना त्यांच्या हातावर मुळ्याचं लोणचं ठेवायची.

मग बोलपट आला. मुक्या चित्रांना साथ करणाऱ्या वाजंत्रीवाल्यांना आधीच कामावरून काढलं होतं. मालकीण ओतोकुबाईंनी मास्तरांना माझ्यासमोरच बोलावलं.

"यंत्राचा आवाज निम्मा ठेवते. तुम्ही वरून बोला. लोकांना रुचलं, तर राहा."

"आणि नाही रुचलं तर?"

"दोन्ही पोसायची ताकद नाही हो माझ्यात, मास्तर."

त्या संध्याकाळी बाहेर बर्फ पडत होता, तरी आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराचा पडदा सारून बघत होतो. चित्रातली पोर गिरणीला निघाली होती. "आई, दार लावून घे," ती म्हणाली. लगेच मास्तरांचा आवाज आला, "आई, दार लावून घे."

आयुष्यभराची सवय ती. ओठ हललेले दिसल्याशिवाय त्यांचा गळा उघडायचा नाही. आणि तो उघडेपर्यंत पोर बोलून मोकळी झालेली असायची. प्रत्येक वाक्य दोनदा येऊ लागलं.

"मास्तर, पाढे म्हणवून घेताय का?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मास्तरांनी घाई केली. मग पोरीच्या आधीच बोलू लागले, आणि ती भलतंच बोलली. आणखी हशा.

तेवढ्यात इवाआजी उठली. मला वाटलं, ही आता सगळ्यांना झापणार.

ती हात जोडून म्हणाली, "मास्तर, जरा थांबता का? पोर बोलतेय. मला तिचं ऐकू द्या."

मास्तर वाकले. जितके तिच्यासाठी, तितकेच पडद्यासाठी. मग त्यांनी स्वतःच दिवा विझवला.

ते नेहमी मागच्या दारानं जायचे. त्या दिवशी लोकांच्या दारानं आले. त्यांच्या चपला मागच्या दाराशीच राहिल्या होत्या. मी कुणाच्या तरी जुन्या, पट्टा तुटत आलेल्या पुढे केल्या. पायात घालून ते गळ्याला लोकरी पट्टा न गुंडाळताच बर्फात उतरले.

"मास्तर, गळा," मी म्हणालो.

ते वळले नाहीत. पुलापर्यंत मी त्यांना बघत राहिलो. तिकिटाच्या खिडकीतून ओतोकुबाईही बघत होत्या. इवाआजी बघत नव्हती. ती आत त्या पोरीचं ऐकत होती.