पेशीमास्तरांची शेवटची काच

पेशीमास्तर कुणाकडे जेवायला बसले की पानातल्या कांद्याचा आधी पापुद्रा सोलायचे. तो पातळ पापुद्रा उजेडापुढे धरून म्हणायचे, "बाई, यात हजारो संसार चाललेत आणि तुम्ही मीठ लावून खाताय." पोलादपूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. विज्ञानाशी माझं कधी जमलं नाही, त्यामुळे त्यांच्या या भक्तीची मी पोटभर थट्टा करायचे.

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. मास्तर त्याला शिपायालासुद्धा हात लावू देत नसत. पेशीचा धडा मात्र ते अंगणात शिकवायचे. एका मुलीला केंद्रक करायचे, चौघांना अन्नातून शक्ती काढणाऱ्या कणिका, दोघांना माल इकडून तिकडे नेणारे. बाकीच्यांनी हात धरून भोवती कड करायची. मग एकेकाला "तू घरी जा" म्हणून बाहेर काढायचे आणि विचारायचे, "आता काय अडलं?" केंद्रकाला कुणी राजा म्हटलं की भडकायचे. "राजा कसला? कामांची यादी त्याच्याकडे, एवढंच. चूल दुसऱ्यानं पेटवली नाही तर यादी काय चाटायची? आमच्या वाडीची डोली बघा. त्यात कुठला खांदा मोठा?"

त्यांची वाडी आंबेनळी घाटाच्या अंगाला, वर डोंगरात. तिथून आजारी माणूस डोलीतूनच खाली यायचं. घरटी एक माणूस निघायचा, चालता चालता खांदे बदलायचे, आणि कुणाला बोलवावं लागत नसे. मास्तर माझ्या शेजारी खोली घेऊन राहायचे; वहिनी, म्हणजे त्यांची बायको, वर शेती सांभाळायच्या.

एका हिवाळ्यात त्याच डोलीतून वहिनींना खाली आणलं. अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, चेहरा पांढराफटक. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग आहे, घरी न्या, असं सांगितलं.

मास्तरांनी ते मानलंच नाही. वहिनींना वर न नेता आपल्या खोलीवर ठेवलं आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक तिथं आणला. महाडहून रंगाची बाटली मागून आणली आणि रोज सकाळी वहिनींच्या बोटाला सुई टोचून, थेंब काचपट्टीवर पसरून रक्ताची काच करायला लागले. एकदा मलाही नळीतून बघायला लावलं. फिक्या गुलाबी चकत्या, आणि त्यांच्यात दाटीवाटीनं जांभळे गोळे. "किती सुंदर दिसतंय हो!" मी म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मास्तर रागावले नाहीत. "त्या तांबड्या पेशी आहेत ना बाई, त्या आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात. ओझं वाहायला जागा व्हावी म्हणून. जेमतेम चार महिने जगतात. आणि हे जांभळे, हे पहारेकरी व्हायचे होते. पण काम शिकतच नाहीत. नुसते वाढतायत. तांबड्यांना जागाच ठेवत नाहीत." एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

वहिनींना वर घरी जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. "माज्या दारातला फणस बगायचाय, बाई. तुमी सांगा यांना. माजं ऐकत नाय." मी सांगितलं. मास्तर म्हणाले, "जांभळे कमी झाले की परत मुंबईला नेणार. वर नेलं तर मुंबई सुटली."

शेवटी वाडीची माणसं न बोलावताच डोली घेऊन आली. आठजण पडवीत बसले. "मास्तर, उचलू काय?" त्यातला थोरला विचारायचा. "थांबा रे, आजची काच बघू दे." दोन दिवस हेच चाललं. आठ खांदे बाहेर बसून, आणि हा माणूस एकटा खिडकीशी. जन्मभर पोरांना जे शिकवलं ते याला स्वतःला कळू नये, याचा मला भयंकर संताप यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींचा हात धरून बसले होते. मास्तर उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ, डोळा नळीला. वहिनी म्हणाल्या, "अवो, आता काचेत नका बगू. माज्याकडं बगा."

"एवढी काच झाली की बघतो."

थोड्या वेळानं वहिनींचा हात माझ्या हातात जड झाला. मी मास्तरांना हाक मारणार, तोच ते ओरडले, "अगं, कमी आहेत! आज कमी आहेत गो!"

डोली त्या दुपारी वर गेली. वाटेत सगळ्यांनी खांदे बदलले. मास्तर मात्र आपला खांदा कुणाला घेऊ देईनात. थोरला म्हणाला, "द्या हो मास्तर, आमी हाव ना." त्यांनी मान हलवली आणि चढ चढत राहिले.

पुढे त्यांची बदली झाली. तोवर सूक्ष्मदर्शकाला त्यांनी पुन्हा डोळा लावला नव्हता; फळ्यावर चित्र काढून पेशी शिकवायचे. एस.टी.च्या थांब्यावर मी निरोप द्यायला गेले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, "बाई, कमी आहेत म्हटलं मी, ते तिनं ऐकलं ना?"

त्या दिवसापासून हे त्यांनी मला कितीदा तरी विचारलं होतं.

"ऐकलं," मी म्हणाले. "हसल्यासुद्धा."