झुलालनानांचा गेरू

भडगावकडच्या गिरणाकाठच्या खेड्यांत नागीण उतरवायला माणूस एकच, झुलालनाना. अंगावर फोडांचा पट्टा उठला की लोक थेट त्यांच्या ओट्यावर. नाना गेरू उगाळून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघा ओढत, म्हणजे नागिणीचं तोंड शेपटीला मिळत नाही. पंधरा दिवसांत फोड सुकायचे. ते तसेही सुकतात म्हणा! पण नाव नानांचं व्हायचं, आणि नानांना ते गोड लागायचं.

शहाऐंशी साली त्यांच्याच बायकोला, ताईबाईला, तोंडात फोड आले. भाकरी गिळवेना. मग पाठीवर, छातीवर, दोन्ही अंगांना फोड. लुळे, लुगडं घासलं तरी फुटणारे. नागीण एकाच अंगाला धरते, हे नानांइतकं कोणाला ठाऊक? पण दवाखान्यात न्यावं, तर गाव म्हणणार, नानाला घरचीच नागीण उतरली नाही. म्हणून त्यांनी गेरू उगाळला. दोन महिने उगाळला! काय म्हणावं या माणसाला?

शेवटी ताईबाईचा भाऊ भटू येऊन कडाकडा भांडला, तेव्हा एसटीनं तिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोड नसलेल्या जागी अंगठा दाबून किंचित सरकवला. कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली.

"शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे फोड पाहा," बाई म्हणाल्या. "टच्च भरलेले, लवकर फुटत नाहीत. खाज फार, पण तोंडात काही नाही. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, तसलाच त्यांचाही आजार, पण वेगळा. तुमच्या बाईंचा मात्र पेम्फिगस आहे, हा जिवावरचा. गोळ्या सुरू करते, पण जखमांतलं विष रक्तात गेलंय. फार उशिरा आणलंत."

नाना नुसते उभे राहिले. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी ताईबाईनं विचारलं, "हाई नागीन नही शे, तुम्हले मालूम व्हतं ना?"

"हां," नाना म्हणाले.

तिला त्यांच्याकडं पाठ करायची होती. पण पाठ चादरीला चिकटली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

पाचव्या दिवशी ती गेली. घरी आणल्यावर बायका तिला शेवटची आंघोळ घालायला बसल्या. एकीनं हळद लावायला हात पुढं केला, तसे इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले नाना उठून मध्ये आले.

"हात नका लावा," ते म्हणाले. "नुसतं पानी टाका. तिले दुखस."