हुकाचं फुलपाखरू

नात आता लग्नपत्रिकेचं फुलपाखरू दोन मिनिटांत कापते. तिच्या आईच्या वेळी मात्र मी, हिंगणघाटातली स्वयंघोषित शिवणवाली, पार गोंधळले होते. लेकीला सकाळी ते बालवाडीत न्यायचं होतं. पत्रिकेची घडी घालून अर्धं फुलपाखरू काढलं आणि ब्लाऊजचे पुढचे दोन भाग वेगळे करतात तशी घडीही कापून टाकली. हातात दोन सुटे पंख. दुसरी पत्रिका घेतली, पुन्हा तेच. कात्री बिघडली की कागद, कळेना. लेक रडकुंडीला आली, तेव्हा या शहाण्या बाईनं पंख चक्क हुकांनी जोडले.

"आई, फुलपाखराले हुक काऊन?"

"उडताना सुटू नाई म्हणून."

"बाईंनी विचारलं तर?"

"आईले विचारा म्हणजो."

दुसऱ्या दिवशी मी दार लावूनच बसले.