उस्मानभाऊंची झोळी

उस्मानभाऊ गेल्याचं मला राजुऱ्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. गोंडपिपरीच्या स्टँडवर मी भाजीची पिशवी घेऊन उभी होते. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "बाई, कोरपन्याचे गादीवाले गेले." आणि माझ्या तोंडून काय निघावं, तर "नक्की का? तुले कोणं सांगितलं?" बिचारा गोंधळलाच. मेलेल्या माणसाचाही मी पुरावा मागते, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासून माझा स्वभावच तसा झालाय. दुधात पाणी, गृहपाठात आईचा हात, पाहुण्याच्या गोडव्यात काम... मला आधी तेच दिसतं. आणि सगळ्यात जास्त संशय मी कोणावर घेतला असेल, तर तो या उस्मानभाऊंवर.

कोरपन्याला आमच्या शाळेसमोर त्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलचेऱ्याकडच्या एका वसतिगृहातल्या मुली थंडीत सतरंजीवर झोपतात, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी ठरवलं की कोरपन्याहून तिथवर पायी जायचं. वाटेतल्या घराघरातून ओंजळभर सरकी काढलेला कापूस मागायचा आणि तिथं बसून मुलींना गाद्या भरून द्यायच्या. आमच्या शाळेतली मुलंमुली निघायला एका पायावर तयार. पुढे प्रत्येक गावच्या शाळेतली मुलं पुढच्या गावापर्यंत सोबत येणार होती. मुली आहेत म्हणून बाई हवी, आणि हेडमास्तरांनी माझं नाव घातलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे, लक्ष ठेवा." मी काय, तेवढ्याचीच वाट पाहत होते. टेम्पोनं कापूस गोळा होत नाही का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. उस्मानभाऊ म्हणाले, टेम्पोनं कापूस येतो, लेकरं येत नाहीत. उत्तर गोड होतं, म्हणून माझा संशय दुप्पट झाला.

राजुऱ्याच्या पुढे गेलो तेव्हा मला ते दिसलं. मुक्कामाला मुलं पाय धुवायला हापशीवर गेली, की उस्मानभाऊ गोळा झालेल्या कापसाचं एकेक पोतं उघडून बसत. हात आत घालायचा, बोटांनी चाचपायचं, आणि निवडून निवडून काही पुंजके खांद्याच्या झोळीत टाकायचे. रोज. झोळी कधी खाली ठेवत नसत, उशाला घेऊन झोपत. आता मला सांगा, पिंजाऱ्याचा हात पोत्यातून काय निवडणार? उत्तमातलं उत्तम! लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. लोकांनी मुलींसाठी दिलेला कापूस हा माणूस स्वतःच्या दुकानासाठी बाजूला काढतोय, याची माझी खात्रीच झाली. डोकं तडकलं. पण बोलावं कसं? सोबत मुलं. ती सगळ्या गावांतून "उस्मानचाचा, उस्मानचाचा" करत पुढे पळत होती. त्यांच्यासमोर या माणसाला चोर म्हटलं आणि चुकीचं निघालं तर? आणि खरं निघालं तर ती पोरं पुन्हा कोणासाठी चार पावलं तरी चालतील का?

एका गावात एका म्हातारीनं दारातच आमची वाट अडवली. "फुकट कोणी चालते का बापा? काय पायजे तुले, मत का जमीन?" उस्मानभाऊ हसून म्हणाले, "कापूस पायजे माय, ओंजळभर." तिनं कोपऱ्यातलं एक गाठोडं आणून पोत्यात रिकामं केलं आणि दार लावून घेतलं. मला ती बाई फार आवडली. त्या संध्याकाळी पोतं उघडलं तेव्हा मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. त्यांचा हात थांबला नाही. वर न पाहता म्हणाले, "बाई, तुमी पाहून राह्यल्या ना? पाहा. कोणी तरी पाहाले पायजे."

असं निर्लज्जपणे कोणी बोलतं का!

वैनगंगा ओलांडली आणि कापसाचा मुलूख संपला, धानाच्या बांध्या लागल्या. तिथल्या लेकरांनी उन्हाळ्यात जंगलातून वेचून ठेवलेला सावरीचा कापूस आणला, उशांसाठी. तिकडे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतल्या पोरींनी तर फ्रॉकच्या ओच्यात भरभरून आणला. वसतिगृहाच्या अंगणात उस्मानभाऊंनी पिंजण लावली. मुलांनी कापूस पसरला, मुलींनी खोळी धरल्या. गाद्या मऊ झाल्या होत्या, मी प्रत्येक दाबून पाहिली. एका मुलीनं नव्या गादीवर चार कोलांट्या मारल्या. सगळं छान झालं. पण झोळी काही उघडली नाही. ती तशीच फुगलेली, परतीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर...

त्यानंतर किती वर्षं मी त्या दुकानासमोरून जाताना आत डोकावले असेन. चहा पाजायचे, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचे. मी चहा प्यायची आणि मनात म्हणायची, झोळीचं काय केलंत ते सांगा आधी.

गेल्या आठवड्यात त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला कोरपन्याला गेले. सून शबानानं मला त्यांच्या खाटेवर बसवलं. बसले आणि टोचलंच काहीतरी. गादी कसली, पातळशी, नुसत्या गाठी! तालुक्याच्या गाद्या भरणाऱ्या माणसाची ही गादी? हात स्वस्थ बसेना. शिवणीची एक जागा उसवली होती, तिथून बोट घालून पुंजका ओढला. पिवळा. किडका, चिकट, गोळे झालेला. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. बाजारात कोणी घेत नाही. शबाना म्हणाली, अब्बांनी मुलचेऱ्याहून आल्यावर स्वतःच भरली, कोणाला बदलू दिली नाही.

तेव्हा उलगडलं. ज्याच्यावर भरवसा नसतो त्याला लोक कवडीच देतात. त्या म्हातारीनंही दिली असणार, आणि घरोघरच्या माझ्यासारख्यांनी. रोज संध्याकाळी ती निवडून ते झोळीत टाकत होते, मुलींच्या पाठीला लागू नये म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला. एका शब्दानं सांगायला काय झालं होतं, उस्मानभाऊ? पण पोरांना कळलं असतं ना, लोकांनी काय दिलंय ते.

शबाना म्हणाली, आता फेकून देते ही गादी. मी म्हटलं, फेकू नको, मला दे. ती चमकली. जुनी, गाठी झालेली गादी या बाईला कशाला हवी असेल? तिनं माझ्याकडे बघितलं, मग गादीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. गादी रिक्षात चढेपर्यंत ती दारात उभी राहून शिवणी निरखत होती, आत काही लपवलेलं तर नाही ना म्हणून.

पाहू दे. कोणी तरी पाहाले पायजे.